डॉना समरचा 'ऑन द रेडिओ' : एका निवडक गीतसंग्रहाची चिकित्सा

बीजसंज्ञा : डिस्को, लोकप्रिय संगीत, निवडक संग्रह, ध्वनिमुद्रण, कर्तृत्व

मराठी वाङ्मयव्यवहारात 'निवडक' हा प्रकार परिचित आहे. एखाद्या कवीच्या किंवा कथाकाराच्या लेखनातून संपादक काही रचना निवडतो, त्यांचा क्रम लावतो, प्रस्तावनेत आपल्या निवडीचे निकष सांगतो आणि त्या निकषांवर पुढे वादही होतात. लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात याच्याशी समांतर असलेला प्रकार म्हणजे गाजलेल्या गाण्यांचा संग्रह. मात्र येथे प्रस्तावना बहुधा नसते, निवडीचे उत्तरदायित्व कोणी उघडपणे घेत नाही आणि विक्रीचे आकडे हाच निकष गृहीत धरलेला असतो. त्यामुळे अशा संग्रहांकडे समीक्षकांनी व्यापारी उत्पादन म्हणून पाहिले व बाजूला ठेवले, यात नवल नाही. परंतु सर्वसामान्य रसिकाला एखादा गायक कळतो तो बव्हंशी अशाच संग्रहातून. गायकाची जी प्रतिमा पुढील पिढ्यांकडे जाते ती घडविण्याचे काम जर हा संग्रह करीत असेल, तर तो कसा घडला, त्याने काय राखले आणि काय गाळले, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे ठरत नाहीत. प्रस्तुत लेखात डॉना समर या अमेरिकन गायिकेच्या ऑक्टोबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑन द रेडिओ : ग्रेटेस्ट हिट्स, खंड १ व २' या दोन तबकड्यांच्या संग्रहाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

समरचा जन्म ३१ डिसेंबर १९४८ रोजी बॉस्टन येथे झाला. तिचे मूळ नाव लाडॉना एड्रियन गेन्स. चर्चमधील गायन हा तिचा पहिला संस्कार होय. १९६८ मध्ये 'हेअर' या संगीतिकेत काम करण्यासाठी ती म्युनिकला गेली आणि तेथेच तिच्या कारकिर्दीला दिशा मिळाली. हेल्मुट सोमर या ऑस्ट्रियन अभिनेत्याशी झालेल्या विवाहातून तिला आडनाव मिळाले. तेच पुढे 'समर' झाले. म्युनिकमध्येच तिची गाठ इटालियन संगीतकार जॉर्जिओ मोरोडर आणि इंग्रज गीतकार-निर्माता पीट बेलोट यांच्याशी पडली. ही भौगोलिक गुंतागुंत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या संगीताला पुढे 'अमेरिकन डिस्को' म्हणून ओळखले गेले, आणि त्याच नावाने नाकारलेही गेले, त्याचा एक मोठा प्रवाह जर्मनीतल्या एका स्टुडिओत, एका इटालियनाने, एका इंग्रजाने आणि एका कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने मिळून निर्माण केला होता.

संग्रहाचा काळ अर्थपूर्ण आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडविण्यात आली. स्टीव्ह डाल या रेडिओ-निवेदकाने योजलेला हा कार्यक्रम होता. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, मैदानाची नासधूस झाली आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. या घटनेत केवळ संगीताविषयीची नावड होती, की जे लोक हे संगीत ऐकत व घडवीत होते त्यांच्याविषयीचा रोषही होता, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. डिस्को हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाच्या आणि समलिंगी श्रोत्यांच्या नृत्यगृहांतून वर आलेले संगीत होते, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे दुसरी शक्यता सहजासहजी फेटाळता येत नाही. या स्फोटानंतर जेमतेम तीन महिन्यांनी समरचा संग्रह बाजारात आला आणि जानेवारी १९८० मध्ये बिलबोर्डच्या अल्बम-क्रमवारीत प्रथम स्थानी पोचला. 'लाइव्ह अँड मोअर' (१९७८) आणि 'बॅड गर्ल्स' (१९७९) यांच्यापाठोपाठ तिचा हा सलग तिसरा दुहेरी अल्बम प्रथम क्रमांकावर आला. असे यश तोवर कोणत्याही कलावंताला लाभले नव्हते. डिस्कोच्या निधनाची वार्ता जेव्हा सर्वत्र सांगितली जात होती, तेव्हा लोक तिच्या सर्वांत यशस्वी गायिकेची गाणी एकत्र विकत घेत होते. मृत्युलेख आणि निवडक संग्रह यांचे नाते जवळचे असते. येथे ते एकाच हंगामात आले एवढेच.

आता संग्रहाच्या अंतरंगाकडे वळता येईल. त्यात सोळा ध्वनिमुद्रणे आहेत आणि त्यांतील बरीचशी आखूड केलेली आहेत. एक गाणे संपून दुसरे सुरू होताना मध्ये शांतता येऊ नये, ती एकमेकांत मिसळून जावीत, अशी जोडणी केलेली आहे. वरवर पाहता ही नृत्यगृहातील संगीतसंयोजकाची रीत होय. तो दोन तबकड्यांवरून एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जातो आणि नर्तकांची लय तुटू देत नाही. परंतु नृत्यगृहात या सलगतेचा हेतू काळ लांबविण्याचा असतो. येथे तीच युक्ती काळ आक्रसण्यासाठी वापरली आहे. या विसंगतीत संग्रहाचे सामर्थ्य आहे आणि त्याची मर्यादाही.

डिस्कोने लोकप्रिय संगीताला जे नवे दिले त्यात 'दीर्घता' हे मूल्य अग्रभागी आहे. रेडिओवर वाजणारे गाणे तीन-चार मिनिटांचे असावे, हा दंडक बारा इंची एकेरी तबकडीने मोडला. समरच्या बाबतीत तर दीर्घता हाच तिच्या कीर्तीचा उगम होय. 'लव्ह टू लव्ह यू बेबी' (१९७५) हे गाणे प्रथम आखूड स्वरूपात ध्वनिमुद्रित झाले होते. कासाब्लांका रेकॉर्ड्सचा प्रमुख नील बोगार्ट याने त्याचे विस्तारित रूप मागितले आणि मोरोडरने सुमारे १७ मिनिटांचे, तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारे रूप तयार केले. पुढच्याच वर्षी 'ट्राय मी, आय नो वी कॅन मेक इट' यानेही अशीच एक बाजू व्यापली. या रचनांत कथानक नाही आणि पारंपरिक अर्थाने 'विकास'ही नाही. वाद्ये येतात, जातात, पुन्हा येतात. ठोका तसाच राहतो. श्रोत्याचे काळाचे भान हळूहळू सैल होते. रिचर्ड डायर याने १९७९ मध्येच डिस्कोच्या समर्थनार्थ लिहिलेल्या निबंधात असा मुद्दा मांडला होता की, रॉक संगीतातील कामुकता एका बिंदूकडे धावणारी असते, तर डिस्कोमधील कामुकता संपूर्ण शरीरात पसरणारी असते. हे प्रतिपादन ज्या गुणावर उभे आहे तो गुण म्हणजे विस्तार. तो काढून टाकला की उरते काय?

संग्रहात 'लव्ह टू लव्ह यू बेबी' पाच मिनिटांहून कमी वेळात आटोपते. येथे हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाला एक जुना प्रश्न आठवल्यावाचून राहणार नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस साधारण तीन-साडेतीन मिनिटे मिळत. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या मर्यादेत राग मांडले आणि त्या मुद्रिका आजही आदराने ऐकल्या जातात. मग आखूडपणा हा स्वतःहून दोष कसा मानावा? उत्तर असे की, तेथे संक्षेप गायकाने स्वतः केला होता. काय सांगायचे आणि काय सूचित करायचे याचा निर्णय गळ्यातून होत होता आणि तीन मिनिटांची ती मांडणी स्वतंत्र कृती म्हणून जन्माला येत होती. समरच्या गाण्याचे संग्रहातील रूप हे ध्वनिफीत कापून तयार झालेले आहे. पहिला प्रकार सारलेखनाचा, दुसरा उताऱ्याचा. उतारा मूळ कृतीची ओळख करून देतो, परंतु तिची जागा घेऊ शकत नाही. गंमत अशी की, या विशिष्ट गाण्यात कापणीमुळे ज्या गोष्टीवर सर्वाधिक टीका झाली होती तीच गोष्ट अधिक ठळक होते. दीर्घ रूपात समरचे हुंकार आणि निःश्वास वाद्यमेळात विरघळून एका वातावरणाचा भाग बनतात. आखूड रूपात ते दाटीवाटीने येतात आणि केवळ उत्तेजक वाटतात. नीतिरक्षकांचा आक्षेप या रूपालाच अधिक लागू पडतो.

'आय फील लव्ह' (१९७७) या गाण्याची गोष्ट निराळी आणि अधिक महत्त्वाची आहे. ज्या 'आय रिमेंबर यस्टरडे' या अल्बमच्या शेवटी ते आले, त्याची कल्पना अशी होती की, गतकाळातील निरनिराळ्या दशकांच्या शैली एकेका गाण्यातून आठवाव्यात आणि अखेरच्या गाण्याने भविष्याचे संगीत ऐकवावे. त्यासाठी मोरोडरने वाद्यवृंद पूर्णपणे वर्ज्य केला. मूग सिंथेसायझर या विद्युत-वाद्यावर मंद्र स्वरांची एक पुनरावर्ती आकृती रचली. रॉबी वेडल या तंत्रज्ञाच्या साहाय्याने वेगवेगळ्या वेळी मुद्रित केलेले थर एकमेकांशी अचूक जुळविले. मूळ स्वर एका कानाशी आणि त्याचा किंचित उशिराचा प्रतिध्वनी दुसऱ्या कानाशी ठेवला. त्यामुळे साधी आकृती दुप्पट वेगाने धावते असा भास होतो. यंत्राला मोठ्या ढोलाचा भरीव ठोका समाधानकारकपणे निर्माण करता येईना, म्हणून तेवढा कीथ फोर्सी या वादकाने प्रत्यक्ष वाजविला. भविष्याच्या संगीतात मानवी हात शिल्लक राहिला तो असा. ब्रायन ईनो याने हे गाणे ऐकून डेव्हिड बोवीला सांगितले की, पुढील पंधरा वर्षे नृत्यगृहांतील संगीताचा नाद हा असणार आहे, अशी आठवण बोवीने नोंदविली आहे. पंधरा वर्षांचा अंदाज संकोचाचा ठरला.

संग्रहात या गाण्याची कालमर्यादा तर कमी झालीच, पण त्याचे स्थानही बदलले. पहिल्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर 'आय फील लव्ह' येते आणि ती तबकडी उलटली की 'आय रिमेंबर यस्टरडे' हे मूळ अल्बमचे आरंभीचे गाणे ऐकू येते. म्हणजे भविष्य आधी आणि भूतकाळ नंतर. मूळ रचनेत एक युक्तिवाद होता. येथे तो मोडला आणि उरली ती दोन सुटी, कर्णमधुर गाणी. सिंड्रेलाच्या कथेवर बेतलेला 'वन्स अपॉन अ टाइम' (१९७७) आणि चार ऋतूंच्या रूपकावर उभारलेला 'फोर सीझन्स ऑफ लव्ह' (१९७६) हे तिचे अन्य अल्बमही अशाच समग्र कल्पनेतून घडले होते. डिस्को म्हणजे विस्कळीत, क्षणभंगुर, विचारशून्य करमणूक, या समजुतीला हे अल्बम चोख उत्तर होते. निवडक संग्रहाने ते उत्तर ऐकण्याची संधीच नव्या श्रोत्याला दिली नाही.

असे असूनही हा संग्रह निष्प्राण वाटत नाही, आणि याचे श्रेय कापणी-जोडणीला न देता गळ्याला द्यावे लागते. समरविषयी एक मत रूढ आहे की, ती मोरोडरच्या हातातील एक वाद्य होती. थिओडोर अडोर्नोने १९४१ च्या निबंधात लोकप्रिय संगीतावर प्रमाणीकरणाचा जो आरोप ठेवला, तो यंत्राच्या ठोक्यावर चालणाऱ्या डिस्कोला तर तंतोतंत लागू पडतो, असेही म्हटले जाते. सुट्या गाण्याबाबत या मतांचा प्रतिवाद करणे कठीण जाते. सोळा ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकली की ती आपोआप डळमळतात. आरंभीची कुजबुज, 'आय फील लव्ह'मधील जणू देहविरहित, उंच तरंगणारा स्वर, 'लास्ट डान्स'मधील संथ, भावगीतासारखी सुरुवात आणि मग चर्चमधील समूहगायनाची आठवण करून देणारी मुक्त ललकारी, 'हॉट स्टफ'मधील खरखरीत रॉक ढंग, 'डिम ऑल द लाइट्स'मधील न डगमगता लांबविलेला एकच स्वर : हे सर्व एकाच व्यक्तीचे आहे यावर प्रथमतः विश्वास बसत नाही. ठोका प्रमाणित असेल, आवाज नाही. किंबहुना ठोका स्थिर असल्यामुळेच आवाजातील पालट मोजता येतो. या एका बाबतीत संग्रह स्वतंत्र अल्बमांपेक्षा सरस ठरतो.

कर्तृत्वाचा प्रश्न येथेच संपत नाही. 'डिम ऑल द लाइट्स' हे गाणे समरने एकटीने लिहिले. 'ऑन द रेडिओ'चे शब्द तिचे, संगीत मोरोडरचे. 'बॅड गर्ल्स' तिने ब्रुकलिन ड्रीम्स या गायकवृंदासह लिहिले. तिने सांगितलेल्या हकिकतीनुसार, कंपनीतील एका कर्मचारी स्त्रीला पोलिसाने रस्त्यावरची वेश्या समजून हटकले, त्या प्रसंगातून ते सुचले. या गाण्यात नृत्याचा उल्हास आहे, पोलिसी शिट्टीचे अनुकरण आहे आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या स्त्रीविषयी एक अवघड प्रश्नही आहे : तिच्याकडे बोट दाखविणारा तिच्याहून वेगळा आहे काय? 'हॉट स्टफ'मध्ये जेफ बॅक्स्टरचे गिटारवादन आहे आणि त्या गाण्यासाठी समरला सर्वोत्कृष्ट रॉक गायिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ज्या उन्हाळ्यात रॉकचे अभिमानी डिस्कोच्या तबकड्या फोडत होते, त्याच उन्हाळ्यात हे गाणे सर्वत्र वाजत होते. दोन्ही संगीतप्रकारांमधील भिंत श्रोत्यांपेक्षा रेडिओ केंद्रांनीच अधिक जपली, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे.

संग्रहाच्या निवडीविषयी काही स्पष्ट मतभेद नोंदविणे आवश्यक आहे. 'लव्हज् अनकाइंड' हे ब्रिटनमध्ये गाजलेले, साठीच्या दशकातील मुलींच्या गायनवृंदांची गोड नक्कल करणारे गाणे अमेरिकी आवृत्तीत नाही. म्हणजे 'गाजलेली' हे विशेषण एका देशाच्या क्रमवारीपुरते आहे. 'मॅकआर्थर पार्क' (१९७८) हे जिमी वेब याचे, रिचर्ड हॅरिसने १९६८ मध्ये गायलेले गाणे समरने 'लाइव्ह अँड मोअर'मध्ये एक संपूर्ण बाजू व्यापणाऱ्या मालिकेचा भाग म्हणून सादर केले होते. तिला अमेरिकेत पहिले प्रथम स्थान त्यानेच मिळवून दिले. त्याची कापणी मात्र फारशी खटकत नाही, कारण मूळ गाण्यातच नाट्य इतके ओथंबून वाहते की थोडे कमी झालेले बरे वाटते. बार्ब्रा स्ट्रायसँडसोबतचे 'नो मोअर टिअर्स' (१९७९) हे युगुलगीत क्रमवारीत प्रथम आले खरे. परंतु त्यात दोन समर्थ आवाज एकमेकींचे ऐकत नाहीत, तर एकमेकींवर मात करू पाहतात. तेथे गाण्याहून प्रसंगच मोठा झाला आहे. सरकारी समारंभात दोन अध्यक्ष असावेत तसा हा प्रकार.

टिकाऊपणाचा विचार करताना आणखी एक गोष्ट वगळता येणार नाही. या संग्रहानंतर समर स्वतः त्यातील प्रतिमेपासून दूर गेली. १९८० मध्ये तिचा कासाब्लांकाशी न्यायालयीन वाद झाला व ती गेफेन रेकॉर्ड्सकडे गेली. तिने ख्रिस्ती धर्मश्रद्धेचा जाहीर स्वीकार केला आणि 'लव्ह टू लव्ह यू बेबी' मंचावर गाणे अनेक वर्षे टाळले. १९८० च्या दशकात समलिंगी समुदायाविषयी तिने अनुदार उद्गार काढल्याचा आरोप झाला. तिने त्याचा इन्कार केला, पण ज्या श्रोत्यांनी तिला प्रथम मोठे केले त्यांच्यापैकी अनेकांच्या मनातील सल लवकर गेला नाही. गायिका आणि तिचे गाणे यांच्यात असे अंतर पडले असताना संग्रह मात्र दुकानात होताच. तो ना गायिकेच्या पश्चात्तापाची दखल घेत होता, ना श्रोत्यांच्या दुखावलेपणाची. वॉल्टर बेन्यामिनने १९३६ मध्ये यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृती तिच्या मूळ स्थळकाळापासून सुटी होते असे म्हटले होते. येथे ती तिच्या गायिकेपासूनही सुटी झाली. आणि याच सुटेपणामुळे इतरांना ती हाताळता आली. पॅट्रिक काउली या सॅन फ्रान्सिस्कोतील संगीतकाराने 'आय फील लव्ह'चे पंधरा मिनिटांहून अधिक लांबीचे रूप केले, ते १९८२ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. संग्रहाने जे आखूड केले होते ते नृत्यगृहाने पुन्हा लांबविले. कंपनीलाही हे उमगले असावे. १९८७ च्या 'द डान्स कलेक्शन'मध्ये बारा इंची तबकड्यांवरील दीर्घ रूपे एकत्र करण्यात आली. समरचे निधन १७ मे २०१२ रोजी झाले. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये तिचा समावेश झाला तो २०१३ मध्ये, मरणोत्तर. २०२२ मध्ये बियॉन्सेने आपल्या 'रेनेसाँ' या अल्बमचा शेवट 'आय फील लव्ह'च्या आधारे रचलेल्या गाण्याने केला. ते गाणे पुन्हा एका अल्बमच्या अखेरीस आले, म्हणजे मोरोडरने १९७७ मध्ये त्याला जेथे ठेवले होते तेथेच.

उरतो तो शीर्षकगीताचा प्रश्न. 'ऑन द रेडिओ' हे संग्रहातील पहिले ध्वनिमुद्रण आणि तेच अखेरचेही. एड्रियन लाइनच्या 'फॉक्सेस' (१९८०) या चित्रपटासाठी ते तयार झाले होते. एका प्रियकराचे हरवलेले खाजगी पत्र रेडिओवरून सर्वांसमक्ष वाचले जाते आणि ज्या स्त्रीसाठी ते लिहिले तिला ते ऐकू येते, असा त्याचा आशय. खाजगी भावना सार्वजनिक यंत्रणेतून गेल्यावरच मूळ मालकाकडे परतते, ही कल्पना अशा संग्रहाच्या दारावर लावावी इतकी समर्पक आहे. संयोजकांनी हे योजले होते की केवळ नवे गाणे खपवायचे होते, हे ठरविण्याची गरज नाही. महत्त्वाचे ते असे की, आरंभी हे गाणे आखूड आहे आणि शेवटी जवळपास सहा मिनिटांचे, विस्तृत रूपात आहे. अन्य कोणत्याही गाण्याच्या बाबतीत श्रोत्याला दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. येथे पहिल्या बाजूवरची सुई उचलून चौथ्या बाजूवर ठेवली की दोहोंतील फरक कानाने मोजता येतो. संथ पियानोवर समरचा आवाज एकटा चालत येतो, ठोका त्याच्यामागून येतो आणि त्यानंतर गाण्याला कोठेही जाण्याची घाई राहत नाही.